स्मर्नाच्या अंजिराची काडी

वनस्पतींच्या स्थलांतराच्या इतिहासात अंजिराइतके प्रवासाला सोयीचे झाड क्वचितच आढळेल. हिवाळ्यात त्याची पाने गळतात व खोड निद्रिस्त होते. अशा वेळी कापलेली वीतभर काडी दमट शेवाळात गुंडाळली तर कित्येक आठवडे तग धरते. थंड मुलुखात ती घरात, उबेला, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत लावतात. ओल अधिक झाली तर ती कुजते. बेताची असली तर मुळ्या फुटतात, आणि वसंतात रोप बाहेर नेता येते. बियांपासून मूळ झाडाचे गुण उतरतीलच असा भरवसा नाही. काडीतून मात्र तेच झाड पुन्हा उभे राहते. परंतु तेवढ्याने भागत नाही, हे कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांना फार उशिरा उमगले.

स्मर्ना, म्हणजे आजचे तुर्कस्तानातील इझमीर, येथील सुक्या अंजिरांची ख्याती जगभर होती. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सान फ्रान्सिस्कोच्या 'बुलेटिन' वृत्तपत्राने तिकडून सुमारे १४,००० काड्या आणवून वाटल्या. काड्या रुजल्या, झाडे वाढली, फळेही धरली. पण ती सुपारीएवढी होताच गळून पडू लागली. तुर्कांनी हलक्या जातीच्या काड्या देऊन ठकविले, असा बोभाटा झाला.

दोष काड्यांचा मुळीच नव्हता. स्मर्ना जातीला रानअंजिराचे पराग लागतात, आणि ते आणून पोचविते त्या रानटी फळातच जन्मणारी एक इवलीशी माशी. तिकडचे शेतकरी रानअंजिरांच्या माळा ओवून बागेतील झाडांवर टांगीत असत. थिओफ्रास्टस या ग्रीक पंडिताने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या प्रथेचे वर्णन केलेले आहे. कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: माल आला, त्यासोबतचा कागद मागे राहिला! गुस्ताव आयसेन या शास्त्रज्ञाने फ्रेझ्नोच्या बागाईतदारांना माशीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी त्याची टर उडविली. उंबर फोडले की केंबरे उडतात, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. त्यांच्यात एखादा देशावरचा कुणबी असता तर कदाचित हसला नसता.

१८९० मध्ये जॉर्ज रोडिंग याने हाताने पराग घालून काही फळे पिकविली, आणि वाद मिटला. आता प्रश्न माशीचा होता. काडीबरोबर ती येत नाही. हिवाळा ती अळीच्या रूपाने रानअंजिराच्या हिवाळी फळातच काढते. हे हेरून सरकारी कृषिखात्याच्या वॉल्टर स्विंगल याने अल्जीरियातून तशी फळे वर्खात गुंडाळून धाडली, आणि १८९९ च्या उन्हाळ्यात रोडिंगच्या बागेत माशी वस्तीला आली. पुढे या अंजिराला 'कॅलिमिर्ना' हे नाव मिळाले. श्रेय रोडिंग व स्विंगल यांना मिळाले, ते योग्यच. मात्र ज्या शेतकऱ्यांवर लबाडीचा आळ आला, त्यांचीच रीत अखेर उपयोगी पडली, याचा उच्चार त्या मानाने फारच थोडा होतो.

२०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या पुरंदरच्या अंजिराला पराग लागत नाहीत. तेव्हा दिल्लीच्या थंडीत कुंडीत काडी लावू इच्छिणाऱ्याने माशीची चिंता करू नये. पाणी तेवढे जपून घालावे.