आहार, आनुवंशिकता आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या सख्ख्या भावंडांच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉलची जी तफावत दिसते, तिचे मूळ पुष्कळ अंशी जनुकांत असते. शरीरातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीरातच तयार होते. आहारातले कोलेस्टेरॉल केवळ प्राणिज पदार्थांतून येते आणि त्यापैकी सरासरी निम्मेच आतड्यात शोषले जाते. याहून अधिक परिणाम तूप, साय, चरबी यांतील संपृक्त मेदाचा होतो. कारण रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण उचलून घेणारे यकृतावरील ग्राहक (रिसेप्टर) त्याने मंदावतात. अपोई या जनुकाचे ई-२, ई-३ आणि ई-४ असे तीन प्रकार असून, ई-४ असणाऱ्यांचे एलडीएल अशा आहाराने सरासरीने अधिक वाढते, मात्र सर्वच प्रयोगांत हा भेद सारखा आढळलेला नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या दृष्टीने तेलाचा विचार विशेष महत्त्वाचा आहे. रब्बी ज्वारीच्या शेतात गुरे शिरू नयेत म्हणून कडेने काटेरी करडई पेरण्याची या अवर्षणप्रवण भागातील वहिवाट जुनी. त्या करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलिक आम्ल असते आणि तूप-लोण्याऐवजी ते वापरल्यास एलडीएल उतरते. या आम्लाचे पुढील रूपांतर फॅड्स जनुकसमूहाच्या स्वाधीन असून, एलडीएलच्या पातळीशीही या जनुकसमूहाचा संबंध आढळला आहे. पुण्याच्या शाकाहारी लोकांत या रूपांतराला साहाय्यक असा जनुकभेद दोन्ही प्रतींत धारण करणारे ६८ टक्के, तर अमेरिकी गटात १८ टक्के आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संशोधनाचा विषय कोलेस्टेरॉल नव्हता. तथापि परदेशी गटांवरून काढलेली आहारविषयक अनुमाने आपल्याकडे पारखून घेणे किती अगत्याचे आहे, याचा हा सबळ दाखला होय.

एलडीएल ग्राहकाच्या जनुकातच दोष असेल, तर केवळ पथ्याने भागत नाही. ग्राहकाचे हे कार्य उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. असा कौटुंबिक विकार सुमारे अडीचशे माणसांत एकाला असतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून रुग्णाबरोबर त्याच्या आईवडिलांची, भावंडांची व मुलांची तपासणी झालीच पाहिजे. सिटोस्टेरोलेमिया या विरळ विकारात तर वनस्पतिजन्य स्टेरॉल बाहेर टाकणारी आतड्यातील यंत्रणाच निकामी असते. अशा रुग्णाला शेंगदाणा, तीळ आणि करडईचे तेल यांचेही पथ्य सांभाळावे लागते.