टॅलेंटचा हिशोब

बोरिवलीत वाढलेल्या आमच्या पिढीला ‘टॅलेंट’ हा शब्द रोहित शर्मामुळे टोमणा म्हणूनच जास्त ऐकू आला. दिनेश लाड सरांनी हेरलेला हा मुलगा 2007मध्ये भारताकडून खेळला, पण कसोटी पदार्पण थेट 2013मध्ये. 2010ला नागपुरात संधी आली, तर सामन्याच्या सकाळीच घोटा दुखावला.

29 ऑक्टोबर 2016ला विशाखापट्टणमला, न्यूझीलंडविरुद्ध 70 धावा करताना उजवी मांडी दुखावली. लंडनला शस्त्रक्रिया झाली. वय 29. आता हा परततो की संपतो, हीच चर्चा.

परतला. डिसेंबर 2017ला मोहालीत नाबाद 208, 2019च्या विश्वचषकात पाच शतकं. तरी ‘कसोटीचं काय?’ हे होतंच. तोवर तिथे तो मधल्या फळीत खेळायचा. ऑक्टोबर 2019ला, त्याच विशाखापट्टणमला, कसोटीत पहिल्यांदा सलामीला पाठवलं. धावा 176 आणि 127.

वनडेतही 2013मध्ये सलामीला गेल्यावरच तो बहरला होता. बग काढलेलं सॉफ्टवेअरसुद्धा चुकीच्या मशीनवर रखडतं. मांडी डॉक्टरांनी नीट केली. योग्य जागा द्यायला संघाला आणखी तीन वर्षं लागली. अपेक्षाभंगाचं बिल मात्र एकट्या रोहितच्या नावावर फाटत राहिलं.