तेलकट खांबाशी कुस्ती

थोड्या वेळात सर्वांगाची मेहनत, ही जिममधल्या पर्सनल ट्रेनरची नवी टूम आहे असा अनेकांचा समज असतो. मराठी तालमीत हा हिशेब दोनशे वर्षांपूर्वीच मांडला गेला. मांडणारे वस्ताद होते दुसऱ्या बाजीरावांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर. कथा अशी सांगतात: निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे धिप्पाड पैलवान पेशव्यांच्या दरबारी आव्हान घेऊन आले. दादांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला गेले, तिथे माकडांची चपळाई पाहून त्यांना मल्लखांब सुचला. मग अली चीत झाला आणि गुलाबने माघार घेतली.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचाच आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख येतो, म्हणजे खांब दादांच्या कितीतरी आधीचा. आक्षेप खरा आहे, पण त्याने दादांचे श्रेय पुसले जात नाही, फक्त जागेवर येते. त्यांनी खांब शोधला नाही, तो पुन्हा उभा केला. अंगाने भारी गड्यापुढे नुसते बळ वाढवून भागणार नव्हते. पकड, लवचिकपणा आणि वेग हवा होता. खांब हा न थकणारा जोडीदार. वर निमुळता होत जाणारा, एरंडेल चोळलेला, त्यामुळे पकड जरा ढिली पडली की माणूस खाली. साध्या अढीतही, म्हणजे खांबाला पायांनी घातलेल्या विळख्यातही, मांड्या आवळाव्या लागतात, पोट आणि पाठ ताणावी लागते, हात सोडवत नाहीत. वजन म्हणावे तर आपलेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. त्याच तालमीत पैलवान हजार-हजार जोर-बैठका काढत, मग वेळ वाचवण्याची गोष्ट कुठली? उत्तर असे की जोर-बैठकांनी दम आणि ताकद येते, त्यांना पर्याय नव्हता आणि दादांनी तो दिलाही नाही. मल्लखांब ही कुस्तीची पूरक मेहनत होती. कमी वेळ म्हणजे कमी कष्ट, हा अर्थ त्यात कधीच नव्हता. तो जाहिरातवाल्यांनी घातला. वस्तादाचे कसब गड्याची उणीव ओळखून तिला नेमकी मेहनत जोडण्यात होते.

पेशवाई 1818 साली बुडाली. खांब मात्र कोंडभटनाना गोडबोल्यांसारख्या शिष्यांबरोबर काशीला पोचला.