जुन्या व्हिडिओ खेळांचे संग्रह : परंपरा आणि कसोटी

परशुरामपंत तात्या गोडबोले यांनीं इ. स. १८५४ मध्यें 'नवनीत' हा मराठी कवितांच्या वेंच्यांचा संग्रह सिद्ध केला, तेव्हां त्यांच्यापुढें जे प्रश्न उभे राहिले असतील, तेच प्रत्येक संग्राहकापुढें उभे राहतात. कोणतें घ्यावें आणि कोणतें टाकावें? जुना पाठ मिळाला तसाच ठेवावा, कीं नव्या वाचकाच्या सोयीसाठीं त्यांत हात घालावा? मूळ कर्त्याची व त्याच्या काळाची ओळख किती करून द्यावी? गेल्या अर्धशतकांत वाढलेल्या एका अगदीं निराळ्या कलेला, म्हणजे व्हिडिओ खेळांना, आज हेच प्रश्न भेडसावीत आहेत. पोरांची करमणूक म्हणून हा विषय हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. पुस्तक फाटलें तरी उरलेलीं पानें वाचतां येतात. खेळाचें यंत्र बंद पडलें म्हणजे खेळ समूळ नाहींसा होतो.

या कलेचा इतिहास लहान, पण त्यांतील पडझड मोठी आहे. १९७२ मध्यें अमेरिकेंत अटारी कंपनीचा 'पाँग' आला. १९७८ मध्यें जपानांत तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' रचिला, आणि १९८० मध्यें नाम्को कंपनीच्या तोरु इवातानी यांचा 'पॅक-मॅन' निघाला. हे खेळ कपाटाएवढ्या यंत्रांत बसविलेले असत व नाणें टाकून खेळावयाचे असत. १९८३ मध्यें निन्टेंडोनें जपानांत 'फॅमिकॉम' हा घरगुती संच विक्रीस काढला आणि पुढें अशाच संचांनीं जगभर बैठकीच्या खोल्या काबीज केल्या. परंतु एका संचाची कॅसेट दुसऱ्यांत चालत नसे. कांहीं वर्षांनीं नवा संच येई आणि जुन्या कॅसेटी माळ्यावर जात. त्याच १९८३ सालीं अमेरिकेंतील हा धंदा कोसळला, तेव्हां अटारीनें न खपलेला माल न्यू मेक्सिकोंतील अ‍ॅलामोगोर्डो येथें जमिनींत पुरून टाकला. २०१४ मध्यें तो उकरून काढण्यांत आला आणि त्यांतील एक कॅसेट स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत जाऊन बसली. एका पिढीचा कचरा दुसऱ्या पिढीचें ऐतिहासिक साधन कसा बनतो, याचें याहून ठळक उदाहरण मिळणें कठीण.

जुने खेळ एकत्र करून नव्या संचावर पुन्हा विकण्याची कल्पना रुळली ती १९९० नंतरच्या दशकांत. १९९३ मध्यें निन्टेंडोनें 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या एकाच कॅसेटींत मारिओचे चार जुने खेळ आणले. त्यांपैकीं एक १९८६ मध्यें जपानांत निघाला होता. पण अमेरिकन मुलांनीं तो तोंवर पाहिलाही नव्हता. चित्रें नव्या संचाला शोभतील अशीं पुन्हा रंगविलीं होतीं आणि खेळ अर्धा सोडून दुसऱ्या दिवशीं पुढें चालू करण्याची सोयही केली होती. संग्रह लोकप्रिय झाला, आणि तें यथायोग्यच होतें. तथापि जाणत्या खेळाडूंच्या एक बारीक गोष्ट ध्यानांत आली. पहिल्या खेळांत मारिओनें डोक्यानें वीट फोडली कीं तो खालीं येई. नव्या आवृत्तींत वीट फुटल्यावरही तो वरच जात राही. फरक निमिषाचा, पण ज्याची सारी कला उडीच्या मोजमापांत आहे, त्या खेळांत निमिषाचा फरक म्हणजे वृत्तांतील मात्रेचा फरक होय.

लौकरच दुसरा एक संप्रदाय पुढें आला. त्यानें खेळ पुन्हा लिहून काढण्याचें सोडून नव्या यंत्राला जुन्या यंत्राचें सोंग घ्यावयास लावलें. या सोंगाड्या आज्ञावलीस 'एम्युलेटर' म्हणतात. तिच्यायोगें मूळ खेळाची आज्ञावली, तिच्या गुणदोषांसह, अक्षरशः जशीच्या तशी चालते. डिजिटल एक्लिप्स या अमेरिकन कंपनीनें विल्यम्स कंपनीचे 'डिफेंडर', 'जाउस्ट' इत्यादि खेळ याच रीतीनें घरगुती संचांवर आणले, आणि १९९६ च्या संग्रहांत त्यांच्या कर्त्यांच्या मुलाखतीही जोडल्या. नाम्कोनें १९९५ पासून 'नाम्को म्युझियम' ही माला काढली. तिच्या पांच भागांच्या पाठींवर कंपनीच्या नांवाचें एकेक अक्षर होतें. संच चालू केला कीं पडद्यावर खरोखरीच संग्रहालयाचीं दालनें उघडत, आणि खेळाडू त्यांतून हिंडत जुन्या जाहिराती व चित्रें पाहत मग खेळाकडे जाई. पुढील कित्येक आवृत्त्यांतून हीं दालनें गेलीं. संग्रहालय हें नांव तेवढें उरलें. १९९७ मध्यें इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनीं 'मेम' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. जगभरच्या हौशी मंडळींनीं तिच्यांत भर घालून नाण्यांवर चालणाऱ्या हजारों यंत्रांची नोंद करून ठेविली. कंपन्यांनीं जें केलें नव्हतें, तें बहुतांशीं या निरपेक्ष लोकांनीं केलें.

यावरून चांगल्या संग्रहाची पहिली कसोटी हातीं लागते, ती म्हणजे मूळ पाठाशीं प्रामाणिकपणा. दोष कोणता आणि गुण कोणता, हें येथें वरवर पाहून ठरवितां येत नाहीं. 'स्पेस इन्व्हेडर्स' मध्यें अकरा-अकराच्या पांच रांगांत ५५ शत्रु उभे असतात. यंत्र दुबळें असल्यामुळें तें एका क्षणीं एकच शत्रु सरकवी. साहजिकच शत्रु जसजसे मरत, तसतशी उरलेल्यांची फेरी लौकर पुरी होई आणि त्यांची चाल वाढे. शेवटचा एकटा शत्रु तर पिसाळल्यासारखा धांवे. छाती धडधडविणारी ही गति यंत्राच्या अपुरेपणांतून जन्मली, आणि निशिकादो यांनीं ती जाणून-बुजून तशीच राहूं दिली. एखाद्या उत्साही सुधारकानें वेगवान यंत्रावर हा 'दोष' काढून टाकला, तर खेळाचा प्राणच जाईल. फॅमिकॉमवर पडद्याच्या एका ओळींत आठांहून अधिक हलतीं चित्रें मावत नसत; त्यामुळें गर्दी झाली कीं चित्रें लुकलुकत. २०१५ च्या 'मेगा मॅन लेगसी कलेक्शन' मध्यें संपादकांनीं हें लुकलुकणें आणि गर्दींतील मंदगतिही कायम ठेविली. 'पॅक-मॅन' च्या २५६ व्या फेरींत यंत्राची मोजणी ओलांडते आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्यानें भरून जातो. हीही आतां त्या खेळाच्या इतिहासाचीच एक नोंद झाली आहे.

प्रामाणिकपणाला मर्यादाही आहेत, आणि चांगला संपादक त्या लपवीत नाहीं. १९७९ च्या 'अ‍ॅस्टरॉइड्स' चा पडदा वेगळ्या जातीचा होता. त्यावर किरण थेट रेघा ओढी आणि गोळी ठिणगीसारखी चमके. आजच्या सपाट पडद्यावर ती चमक पुरती उतरत नाहीं. १९८० चा 'मिसाइल कमांड' तळहाताखालीं फिरणाऱ्या चेंडूनें खेळावयाचा होता. तो दांड्यानें किंवा बटणांनीं खेळणें म्हणजे सतारीची गत पेटीवर वाजविणें होय. जुन्या कांचनळीच्या दूरचित्रवाणी संचावर चित्राच्या कडा किंचित् एकमेकींत मिसळत, आणि चित्रकार हें धरूनच ठिपके मांडीत. म्हणून बऱ्याच संग्रहांत त्या पडद्याचा आभास उत्पन्न करण्याची सोय असते. ती असावी, आणि ती बंद करण्याचीही मुभा असावी.

याच्या उलट, हयगयीनें केलेला संग्रह मूळ कृतीचेंच नुकसान करूं शकतो. कोनामी कंपनीच्या 'सायलेंट हिल' मालेंतील २००१ व २००३ चे दोन खेळ २०१२ मध्यें नव्या रूपांत आले. परंतु अंतिम मूळ आज्ञावली कंपनीनें जपून ठेविलेली नव्हती. अर्धवट प्रतीवरून काम करावें लागलें. ज्या दाट धुक्यानें त्या निर्जन गांवाला भयाण रूप दिलें होतें, तेंच विरळ झालें आणि त्याआड झांकलेल्या उणिवा उघड्या पडल्या. २०२१ मध्यें 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालेंतील तीन खेळांचा संग्रह निघाला. यंत्राकडून आपोआप सुधारून घेतलेल्या चित्रांत पाट्यांवरील अक्षरें चुकलीं, माणसांचे चेहरे बिघडले, आणि परवाने संपलेलीं कांहीं गाणीं गळलीं. त्याहून वाईट म्हणजे जुन्या आवृत्त्या त्यापूर्वींच विक्रींतून काढून घेतल्या होत्या. ओरड झाली, प्रकाशकांनीं क्षमा मागितली, आणि संगणकावरील जुन्या आवृत्त्या पुन्हा विक्रीस ठेवाव्या लागल्या. २०२२ मध्यें 'सॉनिक ओरिजिन्स' च्या वेळींही सेगानें जुने सुटे खेळ आधीं दुकानांतून हटविले. आणि संग्रहांतील तिसऱ्या खेळाचें कांहीं संगीत मात्र बदललेलें निघालें. नव्या प्रतीस वाट करून देण्यासाठीं जुनी प्रत नष्ट करणारा ग्रंथपाल कोणत्या गांवीं खपवून घेतील?

दुसरी कसोटी निवडीची. संख्येचा मोह येथें फार. १९९० नंतर मुंबई-पुण्याच्या घरोघरीं फॅमिकॉमच्या नकलेचे संच आले, तेव्हां कॅसेटींवर ९९९९ खेळांची ग्वाही छापलेली असे. श्रोत्यांपैकीं अनेकांच्या मुलांनीं ती मोजून पाहिली असेल. मूठभर खेळ संपले कीं तेच खेळ निराळ्या नांवांनीं, निराळ्या पायरीपासून पुन्हा सुरू होत. त्या कॅसेटींनीं मुलांना आनंद दिला हें खरें. पण खेळाचा कर्ता कोण, साल कोणतें, याचा पत्ता त्यांत नसे. याउलट इंग्लंडच्या रेअर कंपनीनें आपल्या तिसाव्या वर्षीं, २०१५ मध्यें, 'रेअर रिप्ले' या संग्रहांत नेमके ३० खेळ दिले. त्यांत १९८३ च्या साध्या खेळापासून २००८ च्या भरजरी खेळापर्यंतचा प्रवास सलग दिसतो, आणि फसलेले प्रयोगही आहेत. तरीही कंपनीचा गाजलेला 'गोल्डनआय' तेव्हां त्यांत नव्हता, कारण त्यावर इतरांचे हक्क होते. स्वामित्वाचे हे कुंपण बहुतेक संग्रहांना आडवें येतें. २०२४ च्या 'टेट्रिस फॉरेव्हर' मध्यें अलेक्सी पाझित्नॉव्ह यांच्या खेळाची सारी कहाणी आहे. पण ज्या गेम बॉयनें १९८९ मध्यें तो घरोघरीं नेला, त्यावरची आवृत्ति नाहीं.

तिसरी कसोटी संदर्भाची, आणि अलीकडे खरी प्रगति झाली ती येथेंच. डिजिटल एक्लिप्सनें २०२२ मध्यें अटारीच्या पन्नाशीनिमित्त 'अटारी ५०' काढला. त्यांत शंभराहून अधिक खेळ आहेत. पण ते यादीसारखे न मांडतां कालपटावर मांडले आहेत. पत्रव्यवहार, आराखडे, जाहिराती व मुलाखती पाहत जावें, आणि ज्या खेळाची हकीकत वाचली तो तेथल्या तेथें खेळावा. पुढच्याच वर्षीं त्यांनीं एकट्या 'कराटेका' वर संपूर्ण संग्रह रचिला. हा खेळ जॉर्डन मेक्नर यांनीं येल विद्यापीठांत शिकत असतांना रचिला. त्याचें संगीत त्यांच्या वडिलांनीं दिलें, आणि १९८४ मध्यें तो प्रसिद्ध झाला. संग्रहांत आधींचे कच्चे खर्डे खेळून पाहतां येतात, आणि पितापुत्रांना त्याविषयीं बोलतांना ऐकतां येतें. कवीच्या हस्तलिखितांतील खाडाखोड दाखविणारी चिकित्सक आवृत्ति जें काम करते, तेंच हें होय.

चौथी कसोटी सुलभतेची. नाण्यांवरचे खेळ मुद्दाम कठीण असत, कारण डांव लौकर संपला तरच दुसरें नाणें पडे. आजच्या गृहस्थाला तेवढा वेळ नाहीं. म्हणून चुकलेला डांव मागें घेण्याची सोय कित्येक संग्रहांत दिसते. २०१८ च्या एसएनके कंपनीच्या संग्रहांत तर तरबेज हाताचा पुरा डांव पाहत बसावें आणि वाटेल तेथें सूत्रें आपल्या हातीं घ्यावीं, अशी योजना आहे. या सोयी मूळ खेळाला न दुखवितां बाजूला उभ्या राहतात, म्हणून त्या स्वागतार्ह आहेत.

हा सारा खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर २०२३ मधील एका पाहणींत आहे. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेनें ती प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आतां बाजारांत विकत मिळत नाहींत, असें तिला आढळलें. ग्रंथालयांनीं अभ्यासकांना असे खेळ दुरून, घरबसल्या, उपलब्ध करून द्यावेत ही मागणी तेथील स्वामित्वहक्क कार्यालयानें २०२४ मध्यें नाकारली. म्हणजे सामान्य माणसासाठीं विकत मिळणारा संग्रह हाच बहुधा एकुलता एक दरवाजा राहतो. त्यांतून जें आंत येईल तेंच पुढच्या पिढीला जुनें म्हणून ठाऊक होईल, आणि त्यांतील चूक मूळ कर्त्याच्या माथीं बसेल. त्या वेळीं पडताळा पाहण्यास मूळ यंत्रही नसेल आणि तें खेळलेला माणूसही नसेल. म्हणून संग्राहकानें विश्वस्ताच्या वृत्तीनें काम करावें, आणि घेणारानेंही खोक्यावरील संख्येला न भुलतां आंत कर्त्याचें नांव, निर्मितीचें साल आणि अविकृत मूळ खेळ, हीं तीन आहेत कीं नाहींत एवढें पाहून घ्यावें.