दवाखान्याची भीती

१८९७ सालच्या प्लेगात पुण्याच्या पेठांतून रोगी घरात लपवून ठेवले जात. गोरे शिपाई झडतीला येत, आणि इस्पितळात नेलेला माणूस परत येईल याचा भरवसा कोणालाच नसे. आमच्या त्या पूर्वजांना आम्ही अडाणी म्हणत नाही. मग गडचिरोलीच्या आदिवासींना तेवढे का म्हणावे?

१९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडच्या रानात हेमलकसाला जाऊन राहिले. एकाने शस्त्रक्रियेचे शिक्षण अर्धे सोडलेले, दुसरी भूल देण्यात तज्ज्ञ. तरीही आरंभी माडिया लोक त्यांच्याकडे फिरकत नसत. आम्हांस यात नवल वाटत नाही. गोळी नको वाटली तर थुंकून टाकता येते; शस्त्रक्रियेच्या मेजावर मात्र माणूस आपला देह, शुद्धीसकट, परक्याच्या हाती देतो.

पुढे १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्याच जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था काढली. त्यांनी उपदेश करण्याऐवजी लोकांनाच विचारले, की बाबांनो, सरकारी दवाखान्यात तुम्ही का जात नाही? उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. इमारत एवढी मोठी, की आत वाट चुकते. भाषा कळत नाही. नातेवाइकांना बाहेर काढतात, रोगी एकटा पडतो. आणि डॉक्टर-नर्सा पांढरे कपडे घालतात. आम्ही तर प्रेताला पांढरे गुंडाळतो! यांतले कोणते उत्तर अंधश्रद्धेचे? शेवटचे, असे कोणी म्हणेल. पण पहिली तीन आपणही शहरातल्या मोठ्या इस्पितळातून घरी आल्यावर बोलून दाखवतोच.

चातगावजवळ शोधग्रामात मग दवाखाना झाला तो आदिवासी गावासारखा. सोबतच्या माणसांना रोग्याजवळ राहायला जागा, आणि नाव देवीचे : माँ दंतेश्वरी. बाहेरगावचे शस्त्रवैद्य तेथे शिबिरांना येतात आणि रोगी आपल्या पायांनी मेजापर्यंत जातात.

अर्थात जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा, त्यातला बराचसा जंगलाचा. पर्लकोटेला पूर आला, की भामरागडची वाट बंद पडल्याचे वर्षानुवर्षे घडत आले आहे. हर्नियात आतडे अडकलेल्या रोग्याच्या हाती काही तास असतात. तो डॉक्टरवर विश्वास ठेवून निघाला, तरी नदीच्या अलीकडेच बसून राहतो.