विहिरीतले पोहणे, बुरशीतले औषध आणि स्नायूंची जुनी तक्रार

१/ हिंगोलीकडच्या खेड्यांत पोहणे विहिरीतच शिकले जाई. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधायचा, मग थोरल्यांनी वरून ढकलून द्यायचे. त्या पिढीतील अनेक जण आज साठीपार आहेत आणि काहींच्या औषधांत कोलेस्टेरॉलची गोळी आली आहे. ती सुरू झाल्यावर पोहताना खांदे भरून येऊ लागले, तर दोष वयाचा की गोळीचा? हा प्रश्न त्या औषधाइतकाच जुना आहे, मित्रहो.

२/ अकिरा एन्दो यांचा जन्म १९३३ मध्ये उत्तर जपानमधील अकिता प्रांतात, शेतकरी घरात झाला. फ्लेमिंग यांच्या पेनिसिलिनने ते भारावले होते. सांक्यो या कंपनीत १९७१ पासून त्यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले. अखेर क्योतो येथील धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत, १९७३ साली, त्यांना 'कॉम्पॅक्टिन' सापडले. हेच पहिले स्टॅटिन.

३/ १९७८ मध्ये ओसाका येथील डॉ. अकिरा यामामोतो यांनी ते एका अठरा वर्षांच्या तरुणीला दिले. तिला आनुवंशिक, अतितीव्र कोलेस्टेरॉलविकार होता. कोलेस्टेरॉल उतरले, परंतु काही आठवड्यांतच तिचे स्नायू दुबळे झाले. औषध थांबवताच ती सावरली. यामामोतोंनी संशोधन सोडले नाही. इतर रुग्णांना त्यांनी मात्रा कमी करून औषध दिले. म्हणजे स्नायूंची तक्रार पहिल्याच रुग्णापासून नोंदलेली आहे.

४/ कुत्र्यांवरील चाचण्यांत गाठींची शंका आल्याने १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनचे काम थांबले. दरम्यान अमेरिकेतील मर्क कंपनीने दुसऱ्या बुरशीतून लोव्हास्टॅटिन मिळवले. त्यास १९८७ मध्ये मान्यता मिळाली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनमुळे मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. औषधाची उपयुक्तता सिद्ध झाली.

५/ मग ऑगस्ट २००१ उजाडला. बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घेतले. स्नायू विरघळून त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी होतात, अशा विकाराने झालेले बावन्न मृत्यू तोवर नोंदले गेले होते. जास्त मात्रा आणि जेमफायब्रोझिल या दुसऱ्या औषधाची जोड, ही त्यातील मोठी कारणे. इतर स्टॅटिनांत हा विकार अत्यंत विरळा आहे.

६/ खेळाडूंचे काय? २००४ मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी आनुवंशिक कोलेस्टेरॉलविकार असलेल्या बावीस व्यावसायिक खेळाडूंची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी केवळ सहा जणांना एखादे तरी स्टॅटिन सोसले. संख्या लहान आहे. पण जो रोज स्नायू पणाला लावतो, त्याला उणीव आधी जाणवते, हे त्यातून उमगते.

७/ पोहणाऱ्याचा सारा भार खांदे, पाठ आणि मांड्यांवर असतो. सांध्याची दुखापत बहुधा एकाच खांद्यात, विशिष्ट हालचालीला कळ देते. स्टॅटिनचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्नायूंत सारखे पसरते आणि गोळी सुरू केल्यापासूनच्या काही आठवड्यांत वा महिन्यांत दिसते. रक्तातील 'सीके' तपासणी येथे उपयोगी पडते. मात्र कसून व्यायाम केल्यावरही सीके वाढते, म्हणून आदल्या दिवसांतील पोहणे डॉक्टरांना सांगावे.

८/ नाण्याला दुसरी बाजूही आहे. २०२० मध्ये लंडनमध्ये, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी, तर काही महिने काहीच दिले नाही. खऱ्या गोळीवर जाणवलेल्या त्रासापैकी नव्वद टक्के त्रास निष्क्रिय गोळीवरही जाणवला! वेदना खरी होती. तिचे कारण बहुतेकदा रसायन नव्हते. हे कळल्यावर निम्म्या जणांनी औषध पुन्हा सुरू केले.

९/ एन्दो ५ जून २०२४ रोजी, नव्वदाव्या वर्षी निवर्तले. त्यांच्या शोधाचा इतिहास दोन्ही टोकांपासून सावध करतो. तक्रार हसण्यावारी नेऊ नये आणि गोळी परस्पर बंदही करू नये. मात्रा घटवता येते, औषध बदलता येते. यामामोतोंनी १९७८ मध्ये हाच मार्ग धरला होता. मात्र लघवी चहासारखी गडद झाली आणि अंगात बळ उरले नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरी आजोबा-आजी ही गोळी घेत असतील, तर आज त्यांना एवढे विचारा : खांदे, मांड्या कशा आहेत?