परिचारिकेची नोंद आणि न्यायदान : मुंबई उपनगरांतील विधी-परिचर्येची जडणघडण

सारांश

अमेरिकेत ‘लीगल नर्स कन्सल्टंट’ म्हणजेच विधी-परिचर्या सल्लागार हा स्वतंत्र व्यवसाय गेल्या चार दशकांत रूढ झाला. भारतात या नावाचा व्यवसाय फारसा परिचित नाही. तथापि या व्यवसायाला लागणारी कौशल्ये, म्हणजे अचूक नोंद, पुराव्याची जपणूक, संमतीचे भान व साक्षीची तयारी, मुंबईच्या उपनगरांतील महानगरपालिकेच्या रुग्णालयांत वेगळ्या मार्गाने आकारास आली. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा ऐतिहासिक आढावा घेतला असून परिचारिकेच्या कौशल्याचा विस्तार आणि तिच्या कायदेशीर स्थानाचा संकोच यांतील विसंगती निदर्शनास आणली आहे.

बीजशब्द : परिचर्या, वैद्यकीय नोंदी, पुरावा, ग्राहक संरक्षण, उपनगरीय रुग्णालये.

१. प्रस्तावना

रुग्णालयात रुग्णाच्या सर्वाधिक सान्निध्यात परिचारिका असते. डॉक्टर फेरीपुरते येतात; परिचारिका पाळी संपेपर्यंत तेथेच असते आणि जाताना पुढच्या परिचारिकेला ‘ओव्हर’ देऊन जाते. ताप, नाडी, रक्तदाब, औषधाची मात्रा व वेळ, रुग्णाने केलेली तक्रार, डॉक्टरांना केलेला दूरध्वनी या सर्वांची नोंद तिच्या हातची असते. पुढे प्रकरण न्यायालयात गेले की हीच नोंद पुरावा ठरते. मात्र ती लिहिणाऱ्या व्यक्तीला कायद्याच्या दृष्टीने कोणते स्थान आहे, या प्रश्नाकडे वैद्यकाच्या व विधीच्या इतिहासकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अमेरिकेत या ज्ञानाला व्यावसायिक रूप मिळाले. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांत वकिलांना केसपेपर वाचून दाखवणारी, त्यांतील विसंगती दाखवून देणारी अनुभवी परिचारिका सल्लागार म्हणून पुढे आली आणि १९८९ साली अशा सल्लागारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९२ मध्ये न्यायवैद्यक परिचारिकांची आंतरराष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. मुंबईत असे घडले नाही. येथे हे कौशल्य वकिलाच्या कचेरीत निर्माण झाले नाही. ते महानगरपालिकेच्या वॉर्डात, बहुधा निनावीपणे, घडत गेले.

२. पार्श्वभूमी : उपनगरे, रुग्णालये आणि नोंदणीचा कायदा

मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. स्वातंत्र्यवर्षी, १९४७ मध्ये, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा संमत झाला. मुंबई राज्याने १९५४ साली नवा कायदा केला आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६६ साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम अस्तित्वात आला. या सर्व कायद्यांचा मुख्य रोख कोणाला परिचारिका म्हणावे, शिक्षण कोणते असावे आणि नोंदणी कोणी करावी यावर होता. परिचारिकेने केलेल्या नोंदीचे पुराव्यातील मोल किंवा तिचे तज्ज्ञत्व हा त्यांचा विषय नव्हता.

याच काळात मुंबईचा विस्तार झाला. १९५० मध्ये उपनगरांचा मोठा भाग महानगरपालिकेच्या हद्दीत आला आणि १९५७ मध्ये ही हद्द पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत सरकली. विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, मुलुंडचे अगरवाल ही महापालिकेची रुग्णालये उपनगरांतील कष्टकरी व मध्यमवर्गीय वस्तीचा आधार बनली. लोकलगाडीतून पडलेला प्रवासी, कारखान्यात हात गमावलेला कामगार, ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून दाखल झालेली भाजलेली सून, असे रुग्ण प्रथम याच रुग्णालयांच्या अपघात विभागात येत. केसपेपरवर ‘एमएलसी’ ही अक्षरे पडली की प्रकरण पोलिसांशी जोडले जाई. अशा रुग्णाचे कपडे जपून ठेवणे, नातेवाईक कोण कोण भेटले हे ध्यानात ठेवणे, शुद्धीवर आलेला रुग्ण प्रथम काय बोलला हे ऐकणे ही कामे परिचारिकेच्या वाट्याला येत. त्यासाठी तिला स्वतंत्र शिक्षण नव्हते. ज्येष्ठ सिस्टरांकडून धाकट्या सिस्टरांकडे हे ज्ञान तोंडी जाई.

३. नोंदीच्या अभावाचा धडा

नोंद नसली तर काय होते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण एका परिचारिकेच्याच आयुष्यात आढळते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्याने प्राणघातक हल्ला केला. आरोपीला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न व जबरी चोरी या गुन्ह्यांसाठी; लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात नव्हताच. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ, १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेचा गौरव केला आणि त्यांच्या वतीने निर्णय घेण्याच्या संदर्भात के.ई.एम.च्या कर्मचारीवर्गाला निकटची व्यक्ती मानले. हे प्रकरण उपनगरांतले नसले तरी संपूर्ण शहराच्या परिचारिकावर्गाच्या स्मृतीचा ते भाग आहे. जे कागदावर येत नाही ते न्यायालयातही येत नाही, हा त्याचा धडा आहे.

४. ग्राहक कायदा आणि खुले झालेले केसपेपर

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व त्यातही ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या १९९५ च्या निकालाने शुल्क आकारून दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक न्यायमंचांच्या कक्षेत आली. पुढच्याच वर्षी दोन महत्त्वाचे निकाल लागले. रघुनाथ रहेजा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत असे स्पष्ट केले. अच्युतराव खोडवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरले. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात १९६३ साली एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेनंतर कापड राहून गेले व तिचा मृत्यू झाला, हे ते प्रकरण. शस्त्रक्रियागृहात कापड व बोळे आधी आणि नंतर मोजून नोंदवणे हे परिचारिकेचे काम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या निकालाचा परिचर्येशी असलेला संबंध लक्षात येतो. १९९८ च्या ‘स्प्रिंग मेडोज’ प्रकरणात तर परिचारिकेने दिलेल्या इंजेक्शनमुळे बालकाला कायमचे अपंगत्व आले आणि तिच्या चुकीची जबाबदारी रुग्णालयावर ठेवण्यात आली.

उपनगरांशी थेट निगडित असा निकाल २००९ चा आहे. विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयात १९९१ साली उपचार घेतलेल्या, मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाने प्रतिजैविकामुळे श्रवणशक्ती गेल्याची तक्रार केली होती. राष्ट्रीय आयोगाने ती मान्य केली. मात्र सर्वोच्च न्यायालयाने ‘मार्टिन डिसूझा विरुद्ध मोहम्मद इश्फाक’ या निकालात डॉक्टरांच्या बाजूने निर्णय दिला. औषधाची मात्रा किती, ते किती दिवस दिले, रुग्णाची त्या काळातील अवस्था कशी होती, या तपशिलांभोवती हा वाद फिरला. असे तपशील जेथे दररोज नोंदले जातात ते कागद प्रामुख्याने परिचारिकेच्या हातचे असतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जतन करणे आणि मागणी झाल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. त्यामुळे एकेकाळी वॉर्डापुरती असलेली परिचारिकेची नोंद वकिलाच्या टेबलावर पोहोचली. तिचे अक्षर, तिने घातलेली वेळ, तिने केलेली खाडाखोड यांना नवे वजन आले. परंतु त्या नोंदीचा अर्थ मंचासमोर कोणी सांगायचा, या प्रश्नाचे उत्तर ‘डॉक्टरांनी’ असेच राहिले. ‘जेकब मॅथ्यू’ या २००५ च्या निकालाने फौजदारी तक्रारीसाठी सक्षम डॉक्टरच्या मताची अपेक्षा व्यक्त केली. त्यात परिचारिकेच्या मताला स्वतंत्र स्थान दिसत नाही.

५. दिलासा, राजावाडी आणि ओशिवरा

दुसरा प्रवाह स्त्रियांवरील हिंसेच्या प्रश्नातून आला. सांताक्रूझ पूर्वेस वाकोल्यात कार्यालय असलेल्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेने १९९८ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासणीसाठी पुरावा-संच विकसित केला. २००० साली महानगरपालिका व सेहत यांच्या सहकार्याने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. कौटुंबिक हिंसा हा केवळ पोलिसांचा नव्हे तर आरोग्यसेवेचा प्रश्न आहे, ही त्यामागची भूमिका होती. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीच्या जखमा ते सांगणे खोटे ठरवतात, हे सर्वप्रथम ओळखण्याची संधी ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला असते. रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिकांच्या प्रशिक्षणावर या केंद्राने भर दिला. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानांतर्गत महापालिकेच्या अन्य उपनगरीय रुग्णालयांतही अशी केंद्रे उभी राहिली.

२००८ पासून घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय, ओशिवरा प्रसूतिगृह आणि वांद्र्याचे भाभा रुग्णालय येथे लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी सर्वंकष सेवेचा उपक्रम राबवण्यात आला. माहितीपूर्ण संमती, एकसमान प्रपत्र, उपचारांना प्राधान्य, मानसिक आधार आणि पुराव्याच्या हस्तांतराची अखंड साखळी ही त्याची अंगे होती. नमुने वाळवणे, पाकिटावर नाव-दिनांक-वेळ घालणे, ते सीलबंद करून पोलिसांच्या स्वाधीन करताना सही घेणे, या प्रत्येक टप्प्यावर साखळी तुटू शकते. नमुना कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्याच्याविषयी शंका उरू नये, यासाठी लागणारी शिस्त शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकीकरणाच्या शिस्तीहून फार वेगळी नाही. परिचारिकेच्या अंगी ती मुळातच असते.

या स्थानिक प्रयोगांना राष्ट्रीय घडामोडींची जोड मिळाली. पोलिसांचे पत्र नाही म्हणून तपासणी नाकारण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच, मंजण्णा प्रकरणात, टीका केली होती. २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने सर्व रुग्णालयांवर अत्याचारग्रस्तांना मोफत उपचार देण्याचे बंधन घातले. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. तथाकथित ‘दोन बोटांची चाचणी’ २०१३ मध्ये न्यायालयाने अवमानकारक ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तनासाठी दोषी धरण्याचा इशारा दिला.

६. सही कोणाची?

येथे मूळ विसंगती समोर येते. २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या कलम १६४-अ नुसार बलात्कारपीडितेची तपासणी नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच करू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ मध्येही ही तरतूद कायम आहे. परिचारिका धीर देते, नमुने हाताळण्यास मदत करते, स्त्रीचे बोलणे ऐकते. सही मात्र डॉक्टरांची असते. अमेरिकेत प्रशिक्षित परिचारिका ही तपासणी स्वतः करून न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देते. आपल्याकडे तिला समन्स आलेच तर ते बहुधा घटनेची साक्षीदार म्हणून येते.

तरीही दार पूर्णपणे बंद नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४५ ने ‘विशेष कौशल्य’ असलेल्या व्यक्तीचे मत ग्राह्य धरले होते आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नेही हेच तत्त्व राखले आहे. तेथे ‘डॉक्टर’ अशी अट नाही. परिचर्येचा अपेक्षित दर्जा काय, औषध देण्यापूर्वी कोणती खातरजमा करायला हवी, पाळी बदलताना काय कळवायला हवे, या विषयांत विशेष कौशल्य परिचारिकेचेच असते. परिचर्येतील चुकीचा न्याय करताना परिचारिकेचे मत न घेणे हे तर्काशी विसंगत आहे.

शिक्षणक्षेत्राने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली सुधारित केलेल्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात पाचव्या सत्रात न्यायवैद्यक परिचर्या व भारतीय कायदे या विषयाची ओळख समाविष्ट झाली. त्यास एक श्रेयांक व २० तास आहेत. सात दशकांच्या तोंडी परंपरेला पाठ्यक्रमात जागा मिळाली ही स्वागतार्ह बाब होय. परंतु २० तासांत साक्ष देण्याचे धैर्य येत नाही.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की मुंबई उपनगरांत विधी-परिचर्येचे कौशल्य तीन टप्प्यांनी घडले : प्रथम अपघात विभागातील तोंडी परंपरेतून, नंतर ग्राहक कायद्याच्या धाकातून आणि शेवटी अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या सेवेतून. पहिल्या टप्प्यात अनुभव होता, दुसऱ्यात भीती होती, तिसऱ्यात हेतू आला. भीतीपोटी लिहिलेली नोंद स्वतःचा बचाव करते. हेतूपूर्वक लिहिलेली नोंद रुग्णाला न्याय मिळवून देऊ शकते. हा फरक परिचर्येच्या शिक्षणात केंद्रस्थानी असावयास हवा.

या दृष्टीने महाविद्यालयांना तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. परिचर्या व विधी महाविद्यालयांनी एकत्रितपणे अभिरूप न्यायालये भरवावीत व त्यांत परिचारिकांना उलटतपासणीचा अनुभव द्यावा. प्रकाशित न्यायनिर्णयांतील परिचर्येशी संबंधित भाग अध्यापनसाहित्य म्हणून मराठीत उपलब्ध करावा. आणि उपनगरीय रुग्णालयांतील निवृत्त सिस्टरांच्या मौखिक इतिहासाचे संकलन करावे. यांपैकी शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे. कारण केसपेपर किमान तीन वर्षे तरी ठेवले जातात. ते लिहिणाऱ्या हातांचे अनुभव मात्र कोठेच नोंदलेले नाहीत.